डाग जातो, जागा राहते

एकसष्टाव्या वर्षी मी तरुण व्हायला लागले. हसू नका. गुडघे कुरकुरायचे थांबले, कातडी मऊ झाली, छाती भरल्यासारखी वाटायला लागली. आमच्या लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत दुपारी वाफ कोंदलेली असायची, वाळत घातलेल्या चादरी संथ हलायच्या, आणि त्यांच्यामधून चालताना माझे पाय जमिनीला लागतायत की नाही तेच कळायचं नाही. नणंद म्हणाली, "वहिनी, तुला म्हातारचळ लागलाय." मी म्हटलं, "लागू दे. तुझ्या का पोटात दुखतंय?"

आमचे हे इस्त्री करतात. बारा वर्षं आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत झोपत होतो. त्यांचं घोरणं, माझी चिडचिड, कारणांना काय तोटा. एका दुपारी मीच उशी उचलून त्यांच्या खोलीत गेले. ते नुसते सरकले. पुढचे दिवस झोपेत चालल्यासारखे गेले. जेवताना हे माझ्याकडे बघत बसायचे आणि घास हातातच राहायचा. मी सुखात होते, उगाच कशाला लाजू?

मग चादरीवर रक्त दिसलं. पाळी जाऊन दहा वर्षं झालेली. हे बरं नाही, एवढं मलाही कळत होतं. पण बोलले असते तर डॉक्टर, तपासण्या, आणि हे सगळं संपणार. माझा धीर होईना. शिवाय डाग काढणं म्हणजे माझ्या हातचा मळ. शाई, वंगण, रक्त, चाळीस वर्षं लोकांचं तेच धुतेय. रक्ताला गार पाणी आणि मीठ. गरम पाणी लावलंत की मेलं कायमचं बसतं. दुसऱ्या कुठल्या बाईची चादर कुणाला तरी दिसली असती. माझी मात्र दर वेळी कोरी करकरीत. सात महिने असे काढले. कामात कच्ची असते तर लवकर सापडले असते.

एका सकाळी ह्यांनी इस्त्री बाजूला ठेवली आणि चादर खिडकीच्या उजेडात धरली. मधोमध वीतभर जागा बाकीच्यापेक्षा जास्त पांढरी होती.

"डाग जातो, जागा राहते," हे म्हणाले. "आपल्या प्रत्येक चादरीला आहे. चार महिने बघतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"तू परत त्या खोलीत जाशील म्हणून."

मला इतका राग आला की रडूच फुटलं. दोघंही एकाच माळेचे मणी.

डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं. अंडाशयात मुठीएवढी गाठ आहे. ती स्वतःच हार्मोन तयार करते, म्हणून रक्त, आणि म्हणूनच हे तरुणपण. अशी गाठ सहसा सावकाश वाढते, पण काढायलाच हवी, आणि आता उशीर नको.

ऑपरेशनच्या सकाळी मी खाटेवर तोंड फिरवून पडले होते. मरणाची भीती होतीच, पण खरं सलत होतं ते वेगळंच.

"म्हणजे त्या दुपारी मी आलेच नव्हते," मी म्हटलं. "ती गाठ आली होती. आता ती काढतील, की परत गुडघे, परत चिडचिड. सगळं खोटंच होतं, अहो."

हे बराच वेळ माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिले.

"तुझं असेल गाठीमुळे," शेवटी म्हणाले. "मी रोज दुपारी दुकान लवकर बंद करून तुझी वाट बघायचो. माझ्या पोटात कुठली गाठ होती?"