दोन मुठींची करवत

मी करवत बोलतेय. सुताराच्या पिशवीत मावते ती नव्हे. मी पुरुषभर लांबीची, दोन टोकांना दोन मुठी असलेली, झाडं पाडणारी. सध्या रानात एका ओंडक्याशेजारी पडून आहे. ऐकायला दुसरं कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगते. माझं बोलणं जरा लागतं, तेवढं सांभाळून घ्या.

मला एकट्याने चालवता येत नाही. एकाने ओढायचं, तेव्हा समोरच्याने हात सैल सोडायचा. मग त्याने ओढायचं. ढकलायचं कोणीच नाही, ढकललं की माझं पातं वाकतं. ऐकायला सोपं आहे, पण माणसांना लवकर जमत नाही. समोरच्यावर काम सोपवून स्वस्थ राहणं त्यांच्या स्वभावातच नसतं.

माझ्या एका मुठीवर बारा वर्षं एक म्हातारा होता. दुसऱ्या मुठीवर त्याचा जोडीदार, वयाने बराच लहान, काम करता करता गुणगुणणारा. एका संध्याकाळी शेवटचं एक झाड उरलं होतं. कापलेल्या फटीत पाचर ठोकली की झाड मागे बसत नाही, ठरल्या बाजूलाच पडतं. पण पाचरी झोपडीत राहिल्या होत्या. जोडीदार आणायला निघाला.

"राहू दे रे," म्हातारा म्हणाला. "एवढ्याशा झाडाला कशाला पाचर?"

झाड मागे बसलं. मला घट्ट आवळलं, बुंध्यावर गर्रकन फिरलं आणि जोडीदाराच्या अंगावर आलं. खाली वस्तीत म्हाताऱ्याने सांगितलं, वारा फिरला. त्या संध्याकाळी पान हलत नव्हतं. मी तिथेच होते.

जोडीदाराला अकरा वर्षांचा मुलगा होता. आई आधीच गेलेली. नातेवाईक अंगणात बसून एकमेकांच्या घराची तारीफ करत होते: तुमचं घर ऐसपैस, तुमच्याकडे शाळा जवळ. पोरगं सगळं ऐकत होतं, भिंतीला टेकवलेली मीही. शेवटी म्हाताऱ्याने त्याचा हात धरला आणि रानात घेऊन आला. लोक त्याला देवमाणूस म्हणाले. मला त्याचा संताप आला होता. अजूनही थोडा आहे.

पोराने बापाची मूठ धरली आणि पहिल्याच दिवशी मला ढकललं. मदत करायची हौस. मी कण्हले, वाकले, अडकले.

"काका, मी जोर लावत होतो."

"जोर नको लावूस. माझी पाळी आली की माझ्यावर सोडून दे."

पंधरा दिवस गेले. मग पोराला म्हाताऱ्याच्या श्वासावरून कळायला लागलं, कधी ओढायचं ते. म्हाताऱ्याने त्याच्या मुठीला जुन्या सदऱ्याची पट्टी गुंडाळली. जेवताना दात दुखतात म्हणून आपल्यातली अर्धी भाकरी त्याला द्यायचा. दात चांगले शाबूत होते, खोटं बोलत होता. पोरगंही कमी नव्हतं. म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली की आपलाच हात दुखतोय म्हणून काम थांबवायचं. मी दोघांच्या मधे. मला दोन्हीकडचं खोटं कळायचं आणि आवडायचंही.

म्हातारा आता प्रत्येक झाडाला दोन पाचरी ठोकायचा. "या काडीलापण दोन?" पोरगं चिडवायचं. म्हातारा हसायचा नाही.

दुसऱ्या वर्षी वादळात पडलेलं एक मोठं झाड आम्ही तोडायला घेतलं. उतारावर आडवं पडलेलं, वरच्या अंगाला फांद्यांचा भार. एक फांदी तुटताच खोड घरंगळलं आणि म्हाताऱ्याचा डावा पाय मांडीपर्यंत त्याखाली सापडला. वस्ती दिवसभराच्या वाटेवर. वरचा भार कापून वेगळा केला तरच उरलेला ओंडका पहारीने हलला असता. पोराने मला खोडावर ठेवलं. म्हाताऱ्याने पडल्यापडल्या दुसरी मूठ धरली.

अर्धं खोड कापून झालं. पोरगं रडत होतं आणि ओढत होतं. "बाबांना वाऱ्याने नेलं," ते म्हणालं. "तुम्हाला नाही जाऊ देणार."

म्हाताऱ्याचा हात थांबला.

"वारा नव्हता," तो म्हणाला. "पाचर मी ठोकू दिली नाही. तो आणायला निघाला होता. मी थांबवलं."

पोराने मूठ सोडली.

ते उठून दूर गेलं आणि पाठ करून बसलं. मी खोडात अर्धी अडकलेली. म्हाताऱ्याने त्याला हाक मारली नाही. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाला, "ऊन आहे तोवर खाली उतर. ओढा धरून जा, चुकणार नाहीस. माझं राहू दे."

पोरगं उठलं. मला वाटलं, चाललं. ते परत आलं, पाचर घेतली आणि माझ्या मागच्या फटीत ठोकली. गरज होती त्यापेक्षा कितीतरी जास्त घाव घातले. मग मूठ धरली. "ओढा," ते म्हणालं. काकाही म्हणालं नाही.

खोड तुटलं. पहारीने ओंडका हलला. पाय निघाला, पण त्याला पाय म्हणावं असं फारसं उरलं नव्हतं. पोराने माझ्या दोन्ही मुठी काढल्या, त्या पायाच्या दोन बाजूंना ठेवल्या आणि आपला सदरा फाडून बांधल्या. म्हाताऱ्याला सामान झाकायच्या ताडपत्रीवर घेतलं, ताडपत्रीची टोकं खांद्यावर घेतली आणि ओढायला लागलं.

"करवत," म्हातारा पुटपुटला.

"राहू द्या तिला."

माफ केलं असं ते म्हणालं नाही. मी कान देऊन ऐकत होते, ताडपत्रीची सरसर ऐकू येईनाशी होईपर्यंत.

त्याला तीन पावसाळे झाले. माझे दात गंजले, मुठींच्या जागी नुसती भोकं आहेत. म्हाताऱ्याने मला एका पावसातही उघड्यावर ठेवलं नव्हतं. तो जगला असता तर एका पायाने का होईना, मला न्यायला आला असता. म्हणजे काय झालं ते मला माहीत आहे.

पोरगं आता चौदा-पंधरा वर्षांचं असेल. दोघांना या रानात गमावून बसलंय. तुम्हाला कुठे भेटलं, तर माझी आठवण काढू नका. फक्त त्याला विचारा, वाटेत कुठवर म्हातारा बोलत होता. आणि त्यानंतरही तू किती वेळ ओढत राहिलास, हे मात्र विचारू नका.