शंभर मोजेपर्यंत

मर्लची अट साधी होती. मी जो अजगर पसंत करीन तो त्याने हातात धरायचा आणि शंभरपर्यंत मोजायचं. मोजून झालं तर अजगर आमच्या घरी येणार. मधेच खाली ठेवावा लागला, तर मी या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या नवऱ्याने शब्द फिरवलेला मला आठवत नाही. म्हणून त्या शनिवारी मी उजाडल्यापासून नुसती नाचत होते.

मी नऊ वर्षांची असताना जत्रेत एकाने माझ्या गळ्यात अजगर घातला होता. तेव्हापासून मला तो हवा होता. आधी आई नको म्हणाली, मग घरमालक, मग आमची मुलं लहान होती. आता मी अठ्ठावन्नची आहे, वीस वर्षं शाळेची बस चालवतेय. रोज साठ पोरांचा कालवा ऐकणाऱ्या बाईला घरी एक मुका प्राणी ठेवायचा पूर्ण हक्क आहे, असं माझं मत. काचेची पेटी तीन आठवड्यांपासून तयार होती. एका बाजूला ऊब, दुसऱ्या बाजूला गारवा, लपायला दोन खोपटी, पाण्याचं भांडं. त्या रिकाम्या पेटीचं तापमान मी दिवसातून चारदा बघायचे.

"बाळाचा पत्ता नाही आणि पाळणा हलतोय," मर्ल म्हणायचा.

त्याचंही बरोबर होतं. तो स्वतः ससे पाळतो. दरवर्षी ओहायोच्या जत्रेत त्याच्या सशांना पहिल्या नंबरची निळी फीत मिळते. अजगर काय खातो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. निघायच्या आधी त्याने नेहमीप्रमाणे सशांना चारा घातला, लाडक्या पांढऱ्याला दोन मिनिटं कोपराच्या खळगीत घेऊन छातीशी धरलं आणि गाडीत येऊन बसला.

जत्रेच्याच मैदानावरल्या मोठ्या हॉलमध्ये साप-अजगरांचा बाजार भरतो. शंभरेक टेबलं, त्यावर पारदर्शक डबे, आणि प्रत्येक टेबलावर हात पुसायच्या औषधाची बाटली. मी दारातच अर्धी वेडी झाले होते. तिसऱ्या टेबलावर एक पिल्लू दिसलं. पिवळंधमक, अंगावर काळे पट्टे, पेन्सिलीएवढं जाड. माझा जीव तिथेच अडकला.

"कार्पेट जातीचा आहे. लहानपणी जरा तापट असतात, मोठा झाला की निवळेल," दाढीवाला विक्रेता म्हणाला.

त्यातलं 'तापट' मी ऐकलंच नाही. मर्लने बाटलीतलं औषध हाताला चोळलं, पिल्लू घेतलं आणि मोजायला लागला. पिल्लाने त्याच्या बाहीजवळ जीभ हलवली, मान आखडली आणि मर्ल "नऊ" म्हणत असताना त्याच्या मनगटाला चावलं.

मर्लने ते आपटलं नाही. अलगद सोडवून डब्यात ठेवलं. मनगटावर रक्ताचे चार-पाच ठिपके आले होते.

"नऊ," तो म्हणाला. "संपलं, जोनेल."

तो चिडला असता तर मी भांडले असते. तो चिडला नव्हता. मला तिथेच, भर बाजारात, रडू आलं.

शेजारच्या टेबलावरची म्हातारी हे सगळं बघत होती. तिच्या कोटावर नाव होतं, ओपल. तिने मनगटाला लावायला पट्टी दिली आणि मर्लची बाही नाकाशी नेली.

"सकाळी कुठे होतात?"

"घरीच. सशांना चारा घातला."

"मग ते तुम्हाला नाही चावलं, सशाला चावलं. नुसत्या औषधाने वास जातो होय?" मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू गं? किती वर्षं वाचतेस यांच्याबद्दल?"

"चाळीसेक."

"चाळीस वर्षं वाचून रंगाला भुललीस. काय खातो विचारलंस? स्वभाव विचारलास? पहिला अजगर घेताना रंग सगळ्यात शेवटी बघायचा."

मी बुटांकडे बघत राहिले. शाळेच्या बसमध्ये मी असंच बोलते आणि पोरं अशीच बुटांकडे बघतात.

मर्ल बाहीकडे बघत होता. "आमच्या सशांच्या स्पर्धेत," तो सावकाश म्हणाला, "धरणाऱ्याची चूक असली तर सशाचे गुण कापत नाहीत." आणि जॅकेट काढून गाडीत टाकायला गेला. परत येताना कोपरापर्यंत साबणाने हात धुऊन आला. मी त्याला तिथेच मिठी मारणार होते, पण ओपलने मला दटावलं की आता तूही जॅकेट काढ आणि हात धू.

मग तिने एक मादी काढली. तपकिरी, मातकट डागांची, सहा वर्षांची, बॉल पायथन जातीची. इतका वेळ शेजारीच उभी असूनही मला ती दिसली नव्हती.

"साडेचार फूट. आता यापुढे फारशी वाढायची नाही," ओपल म्हणाली. "फ्रीजरमधला उंदीर कोमट करून दे, मुकाट खाते. हिवाळ्यात दोन-तीन महिने तोंड फिरवते, तेव्हा घाबरून मला फोन करायचा नाही. घरी नेल्यावर आठवडाभर हात लावायचा नाही. जमेल?"

"जमेल," मी म्हणाले. ते सगळ्यात अवघड होतं.

"फ्रीजरमध्ये?" मर्ल म्हणाला. "माझ्या हरणाच्या मटणाशेजारी?"

"खालच्या कप्प्यात," मी घाईने म्हणाले. "झाकणाच्या डब्यात."

त्याने हात पुढे केले. त्याच्या ओंजळीत येताच तिने अंगाचा गोळा केला आणि डोकं आत लपवलं. मर्लचे खांदेही कानापर्यंत चढले होते. दोघंही सारखीच घाबरली होती.

"एक," तो म्हणाला. "दोन."

मी मुठी आवळून उभी होते. नऊ गेला. वीस गेला. चाळिसाच्या पुढे कुठेतरी गोळा सैल झाला, डोकं बाहेर आलं आणि तिची जीभ त्याच्या मनगटावरच्या पट्टीशी हलकेच लागली. मर्लचं मोजणं थांबलं. ती हळूच पुढे सरकली आणि त्याच्या कोपराच्या खळगीत, सकाळी पांढरा ससा जिथे होता तिथेच, डोकं टेकून पडून राहिली.

बराच वेळ गेला. ओपलने दुसरं गिऱ्हाईक बघितलं, पाठवलंही.

"मर्ल," मी कुजबुजले, "किती झाले?"

त्याने मान वर केली नाही.

"विसरलो," तो म्हणाला. "आता पहिल्यापासून मोजायला लागणार." आणि दुसरा हात तिच्या अंगाखाली नीट सरकवून त्याने एकपासून सुरुवात केली.