श्यामकांतांनी बुजवलेली भोकं

श्यामकांत पांढरीपांडे यांनी ती जुनी गाडी घेतली, त्याला एकच कारण होतं. तिच्या छताला सरकणारी काच होती. सनरूफ. बँकेतल्या त्यांच्या बरोबरीच्या कुणाकडेही सनरूफ नव्हतं. लखनौला बदली झालेल्या एका साहेबांनी गाडी विकायला काढली आणि श्यामकांतांनी इंजिनाचा आवाजसुद्धा न ऐकता ती घेऊन टाकली. कोलकात्यात वर्षातला अर्धा वेळ डोक्यावर ऊन, उरलेला वेळ पाणी, मग हे छत उघडायचं तरी कधी, असं बायकोनं, सुचित्रानं विचारलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "उघडायचं नसतं गं ते. असायचं असतं."

पुढे ते निवृत्त झाले, गाडीही म्हातारी झाली, आणि यंदाच्या पावसात छत गळायला लागलं. आधी आरशाजवळ एक थेंब, मग चालकाच्या मांडीवर धार.

बालीगंजच्या त्यांच्या इमारतीखाली, बकुळीच्या झाडाला खेटून गाडी उभी असायची. एका रविवारी श्यामकांत स्टूल घेऊन खाली गेले, काच सरकवली, आणि थोड्याच वेळात आर्किमिडीजच्या थाटात वर आले. "सापडलं! काचेभोवती पन्हळ आहे ना, तिच्या चारही कोपऱ्यांत भोकं आहेत. चक्क भोकं! आणि लोक म्हणतात जुन्या गाड्या मजबूत असतात."

त्यांनी नळाला लावायची पुट्टी आणली, पुरणाच्या गोळ्यासारखी मळली आणि चारही भोकं बुजवून टाकली. अंगठ्यानं दाबून, वरून सारवून. "आता थेंब येणार नाही," त्यांनी जाहीर केलं.

 सुचित्राला दुसरीच काळजी होती. नागपूरहून मीनाअक्का येणार होत्या.

मीनाअक्का म्हणजे श्यामकांतांची थोरली बहीण. सुचित्रा कोलकात्यातच जन्मली, वाढली, इथल्याच मुलींच्या शाळेत तिनं भूगोल शिकवला. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेली तेव्हा तिनं भाबडेपणानं विचारलं होतं, "अक्का, पाणी खाणार?" बंगालीत पाणी खातातच. पण नागपुरात ती गोष्ट आजतागायत हळदीकुंकवाला सांगितली जाते. तेव्हापासून अक्का समोर असल्या की सुचित्रा प्रत्येक वाक्य मनात एकदा घोटून मगच बोलायची, आणि तरी एखादं घसरायचंच.

अक्का आल्या त्या एक इच्छा घेऊन. "आपल्या भोसल्यांच्या फौजेच्या धाकानं या लोकांनी शहराभोवती खंदक खणला होता म्हणे. मला तो बघायचाय."

"अक्का, तो आता..." सुचित्रा सुरुवात करणार तोच श्यामकांत म्हणाले, "बघू की! बागबाजारला नेतो. आपल्या गाडीतून."

निघाले तेव्हा आभाळ भरलेलं होतं. अक्का पुढच्या सीटवर, आदल्या दिवशी गरियाहाटला घेतलेली नवी टसरची साडी नेसून. सुचित्रा मागे. एस्प्लनेडला पोचेपर्यंत पावसानं झोडपायला सुरुवात केली होती. पूजेच्या मांडवांचे बांबू रस्त्यात घुसलेले, त्यामुळे गाड्या मुंगीच्या पावलानं चाललेल्या. छतातून मात्र खरंच एक थेंब आला नाही. श्यामकांतांनी आरशातून सुचित्राकडे विजयी नजर टाकली.

सुचित्रा त्या वेळी वर बघत होती. अक्कांच्या डोक्यावरचं छताचं कापड खाली आलं होतं. आधी बशीएवढं, मग ताटाएवढं. बघता बघता त्याला चांगलं गरगरीत पोट सुटलं. गाडी जरा हलली की पोट डुचमळायचं.

आता सांगायचं कसं? अक्कांसमोर नवऱ्याचा पचका करायचा नाही, हा तिचा जुना नेम. तिनं बंगालीचा आसरा घेतला. "ओगो, छाद झुले पोडेछे!" म्हणजे, अहो, छत लोंबलंय.

"काय म्हणते रे ही?" अक्कांनी विचारलं.

श्यामकांतांनी वर पाहिलं.  "म्हणते, गाडी कशी झुळझुळ चाललीये."

त्यानंतर श्यामकांतांनी गाडी अशी चालवली, जणू डोक्यावर भरलेला हंडा आहे. गचका नाही, वळण नाही, हॉर्नसुद्धा नाही. मागच्या टॅक्सीवाल्यानं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तरी ते ढिम्म. "किती सांभाळून चालवतोस रे," अक्का कौतुकानं म्हणाल्या. आणि श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या तिठ्यावर, पाच रस्त्यांचा तिठा कसा असतो कोण जाणे, एक मिनीबस आडवी घुसली. श्यामकांतांनी ब्रेक दाबला.

कापड एका बाजूनं सुटलं आणि सगळं पाणी एका दमात अक्कांच्या अंगावर आलं. भस्सकन. केसांतून, चष्म्यावरून, पदरातून मांडीवर. वर बकुळीची दोन कुजकी फुलं.

 सुचित्रानं डोळे मिटून घेतले. आता काय काय ऐकावं लागेल याची तिनं मनातल्या मनात उजळणीसुद्धा केली.

अक्कांनी चष्मा काढला, कोरडी जागा शोधली, सापडली नाही, तसाच परत घातला. "सुचित्रा," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे पाणी खातात ना? आज पोटभर खाल्लं बाई मी." आणि मग भावाकडे वळून, खास नागपुरी सुरात, "काहून रे श्यामू, हे तुला आधीच दिसलं होतं ना? झुळझुळ काय!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बोलणी श्यामकांतांच्या वाट्याला आली होती. सुचित्राला हसू फुटलं. ते दाबायला तिनं तोंडावर रुमाल धरला, तर ते नाकातून बाहेर आलं. अक्कांनी मागे वळून पाहिलं. क्षणभर वाटलं, झालं, आता फुटतोय बॉम्ब. पण त्याही हसायला लागल्या, आणि मग दोघींना थांबताच येईना. श्यामकांत तेवढे समोर बघत, दुखवट्याला निघाल्यासारखे गाडी चालवत राहिले.

बागबाजारच्या त्या गल्लीत मराठ्यांच्या खंदकाचं नाव लिहिलेली पाटी होती. खंदक नव्हता.

"बुजवला अक्का. दोनशे वर्षं होऊन गेली," सुचित्रा म्हणाली. "मी सांगतच होते."

अक्का निथळत उभ्या राहिल्या आणि त्यांनी पाटी दोनदा वाचली. "यांनी खंदक बुजवला, आणि श्यामू, तू गाडीत खणलास."

दुसऱ्या दिवशी गाडीला ओल्या घोंगडीचा वास सुटला. श्यामकांत न्याहारी करून उठले ते थेट पिशवी घेऊन. "पुट्टी कमी पडली. आता सगळ्या पन्हळीलाच लावतो."

"थांबा जरा," सुचित्रा म्हणाली, आणि स्वतःच स्टूल घेऊन खाली गेली. मागोमाग अक्का, हातात मग आणि बादली.

काच सरकवून सुचित्रानं पन्हळीत मगभर पाणी ओतलं. पाणी कोपऱ्यापर्यंत गेलं, पुट्टीपाशी थबकलं, साचलं, आणि काठावरून आत, कापडाच्या वर उतरलं. तिनं आणखी थोडं ओतलं. तेच. जन्मभर तिनं वर्गात हुगळीचा गाळ शिकवला होता. "हे हुगळीच्या गाळासारखंच. नदीचं मुख भरलं की पाणी थांबत नाही, ते काठावर चढतं," ती पुटपुटली.

"अहो," ती म्हणाली, "ही भोकं पाणी आत येण्यासाठी नाहीत. बाहेर जाण्यासाठी आहेत. काचेच्या कडेनं थोडं पाणी झिरपणारच. ते पन्हळीत पडतं आणि या भोकांतून, गाडीच्या खांबांच्या आतल्या नळ्यांनी, खाली रस्त्यावर जातं. तुमच्या नळ्या आधी कचऱ्यानं तुंबल्या असणार. म्हणून गळलं. आणि मग तुम्ही..."

"मी काय?"

"तुम्ही बूच मारलंत."

श्यामकांतांनी भोकांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहणं टाळलं. "मग भोकांवर तसं लिहायला नको?" ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता, आणि त्यांनी आपणहून पेचकस मागितला. त्यांनीच दाबलेली पुट्टी त्यांनीच टोकरून काढली. कपचा न् कपचा. सारवणही इतकं पक्कं केलेलं की खांदे भरून आले. अक्का मुकादमासारख्या शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, "डावीकडे अजून आहे बघ. निगुतीनं केलंस हो, काम मात्र निगुतीनं केलंस."

नळ्या मोकळ्या करायला लांब, जाड आणि लवचीक काहीतरी हवं होतं. तळमजल्यावरच्या तपनबाबूंना मासेमारीचा नाद. त्यांच्याकडे मोठ्या माशाची जाड नायलॉनची दोरी होती. ती त्यांनी पोटच्या पोरीसारखी जड मनानं दिली आणि तिच्यामागे स्वतःही आले.

सुचित्रानं दोरी पहिल्या भोकात घातली. हातभर गेली, अडली. तिनं ती बोटांत पिळत पिळत हलवली, ओढली, परत सोडली. "सावकाश, सावकाश," तपनबाबू कुजबुजले, "गळाला काहीतरी लागलंय." आणि पुढच्या चाकापाशी फचकन काळा राडा पडला. पानं, बकुळीची फुलं, माती, एक चपटं झुरळ. तपनबाबूंनी उकिडवं बसून शिकार पाहिली आणि मान डोलावली.

तीन कोपरे मोकळे झाले. चौथा काही केल्या ऐकेना. शेवटी अक्का म्हणाल्या, "श्यामू, फुंक मार." श्यामकांतांनी बागेच्या पाइपचा तुकडा भोकाला लावला, गाल फुगवले आणि जीव खाऊन फुंकले. तपनबाबू नेमके मागच्या चाकापाशी वाकले होते. त्यांचा पांढराशुभ्र पायजमा गुडघ्यापर्यंत काळा झाला. "लागला!" ते ओरडले. पायजमा त्यांना नंतर दिसला.

मग अक्कांनी बादली उचलली आणि एकेका कोपऱ्यात पाणी ओतलं. चारही चाकांपाशी चार स्वच्छ धारा लागल्या. अक्का लहान मुलीसारख्या एका चाकापासून दुसऱ्याकडे पळत होत्या. "आली! इथंही आली!"

मग त्यांनी बादली खाली ठेवली. "सुचित्रा, तू बस. चहा मी करते." लग्नानंतर पहिल्यांदाच. सुचित्राला बसायचं कसं तेही सुचेना. ती गाडीतच पुढच्या सीटवर बसली. श्यामकांतांनी काच बंद केली आणि शेजारी येऊन बसले. त्यांच्या गालावर काळा ओघळ होता.

"ते गाळाचं," ते म्हणाले, "नीट सांग बघू. हुगळीचं."

ती सांगायला लागली. पाऊस सुरू झाला. दर दोन वाक्यांनी ते छताला तळवा लावून पाहायचे आणि "कोरडं आहे, पुढे?" म्हणायचे. एवढ्यात अक्का छत्री आणि चहाचा ट्रे सावरत आल्या आणि मागच्या सीटवर बसल्या. पाठोपाठ खिडकीवर टकटक झाली. स्वच्छ पायजमा घालून तपनबाबू दोरी परत मागायला आले होते. त्यांनाही आत घेतलं. कप चारच होते, ते पुरले. काचांवर वाफ धरली.

चहाचा घोट घेऊन तपनबाबूंनी विचारलं, "आपण निघालोय कुठं?"

"कुठंच नाही," श्यामकांत म्हणाले. "बसा हो निवांत."