झाकली मूठ

नेल्डा प्रुइटच्या स्वयंपाकघरातले कप गेल्या हिवाळ्यापासून तोंड फिरवून बसू लागले होते. सगळ्यांचे कान उजवीकडे करून ते मांडायची तिची चाळीस वर्षांची सवय. पण सकाळी कपाट उघडावं तर एखादा कान हटकून डावीकडे. मग शिवणाच्या डब्यातली कात्री भलत्याच बाजूला सापडू लागली, पाठोपाठ बटाट्याची सुरीही. घरात माणसं दोनच, ती आणि हॉलिस, आणि दोघंही उजव्या हाताची. कुणीतरी डावखुरं माणूस घरात येऊन जातं, याबद्दल नेल्डाला आता तिळमात्र शंका उरली नव्हती.

हॉलिस हसला. "चोर येऊन कप लावून जातो? मग त्याला म्हणावं, जाता जाता गॅरेजही आवर."

पण बायको मनातून हादरली आहे हे त्याला कळत होतं. तो भला माणूस होता, म्हणून एकसष्टाव्या वाढदिवसाला त्यानं तिला पाच गोळ्यांचं चिमुकलं रिव्हॉल्व्हर आणून दिलं. अमेरिकेतल्या आर्कान्साच्या डोंगराळ भागात अशा भेटीचं कुणाला नवल वाटत नाही.

रिव्हॉल्व्हर उत्तम होतं, मूठ मात्र छळवादी. रबरी असल्यामुळे ती एप्रनच्या खिशाला चिकटून बसे, ओढायला जावं तर अख्खा खिसा वर येई, आणि बाहेरून फुगवटा दिसे तो वेगळाच. आता झाकली मूठ सव्वा लाखाची हे कुठं खरं असेल तर ते या व्यवहारात. म्हणून एप्रिलमधल्या एका दुपारी नेल्डा डोंगरपायथ्याच्या गावी ऑरेन स्टिगलरच्या दुकानात गेली. लाकडी मुठी घडवण्यात म्हाताऱ्याचा हात धरणारं कुणी नाही असं ती ऐकून होती. दुकानाची पायरी मात्र आजवर चढली नव्हती.

ऑरेननं रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची खात्री केली आणि तीन मुठी तिच्यापुढे ठेवल्या.

"लांब मूठ हाताला गोड, खिशाला वैरी," तो म्हणाला. "आखूड खिशात लपते, पण करंगळी उपाशी राहते. घ्या, धरून बघा बाई."

तिनं अक्रोडाची, खालून गोलावलेली आखूड मूठ निवडली. करंगळी मुठीखाली दुमडली की पकड छान बसत होती. ऑरेननं एका बाजूनं जरासं लाकूड तासलं, एकच स्क्रू पिळला, आणि तिला उजवा हात पुढे करायला सांगितला. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हाताची आकृती कागदावर काढून ठेवायची ही त्याची पद्धत होती. पेन्सिल बोटांभोवती फिरली. तिच्याकडून नाव लिहून घेऊन कागद ठेवायला त्यानं खण उघडला, आणि तो थबकला.

"तुमचा कागद आहे की इथं."

"शक्यच नाही. मी पहिल्यांदा येतेय."

त्यानं कागद पुढे केला. नेल्डा प्रुइट, गेला ऑक्टोबर. अक्षर डावखुऱ्यासारखं मागे झुकलेलं होतं. आकृती डाव्या हाताची होती आणि करंगळीचं टोक आत वाकलेलं होतं. नेल्डाची डावी करंगळी तशीच होती, त्या हातानं लिहू नये म्हणून मास्तरणीनं सहाव्या वर्षी पट्टीनं मोडलेली. तिनं हळूच हात कागदावर ठेवला. सुताचाही फरक निघाला नाही.

"शिसवी मूठ नेलीत तुम्ही," ऑरेन म्हणाला. "खास डाव्या हाताची. रिव्हॉल्व्हर हे नव्हतं, दुसरंच. तुमचं तुम्हीच आणलं होतंत."

"आणखी काय म्हणाले मी?"

"म्हणालात, ज्याच्यासाठी घेतेय तो रोज समोर जेवायला बसतो, त्याला फुगवटा दिसता कामा नये." तो ओशाळला. "मी हसलो. तुम्ही नाही हसलात."

म्हाताऱ्याला भ्रम झाला असेल, असं ती गाडीत स्वतःला बजावत राहिली. पण घर जवळ येऊ लागलं तसं तिला उमगलं. येणारी बाई तिच्यासाठी येतच नव्हती. ती हॉलिससाठी येत होती. त्याच्याशिवाय नेल्डाला जगात होतं कोण? आज जेवताना त्याला सगळं सांगायचं, हसला तरी सांगायचं, असं तिनं ठरवलं.

साडेपाचला खिडकीतून लख्ख ऊन टेबलावर आलं होतं. घेवड्याच्या उसळीबरोबर मक्याचा पाव होता. नेल्डाचा उजवा हात एप्रनच्या खिशात अक्रोडाच्या मुठीवर होता. हॉलिसनं कॉफी ओतली आणि कप तिच्याकडे सरकवला, कान डावीकडे करून.

"असा का ठेवलास?"

"तू तसाच घेतेस ना." तो पावाला लोणी लावत होता. "हिवाळ्यापासून. मला वाटलं, उजवा हात दुखतोय. विचारलं तर नुसती बघत राहिलीस."

हॉलिस, ऊठ, बाहेर जा, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. टेबलावर हॉलिसचे दोन्ही हात होते, सुरी आणि पाव धरलेले. तिचा एकही नव्हता.

तिनं खाली पाहिलं. डावा हात दुसऱ्या खिशात केव्हा गेला होता कोण जाणे. फुगवटा अजिबात दिसत नव्हता. शिसवी लाकूड अंगाइतकंच उबदार होतं, आणि करंगळीसुद्धा अगदी आरामात बसली होती.