खालची घडी

“अजून थोडं खाली,” माई म्हणाली, आणि शिडीनं आपल्या हातातली चादरीची दोन टोकं कमरेपर्यंत उतरवली. दोघींनी चादर ताणली, आडवी मोडली, पुन्हा मोडली. गठ्ठ्यावर आणखी एक घडी चढली. सकाळपासून सव्वाशे तरी झाल्या असतील.

इस्पितळाच्या धुलाईघरात चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. चादर लांब असते, आणि जमिनीला टेकली की ती परत धुवायला जाते, हा तिथला पहिला नियम. म्हणून दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, हात डोक्याच्या वर न्यायचे, एक झटका द्यायचा, उभी घडी घालायची आणि मग एकीनं चालत येऊन आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. माई आणि शिडी हे एकोणीस वर्षं करत होत्या. शिडी उंच, म्हणून शिडी. माईला माई का म्हणत ते कुणाला आठवत नव्हतं. ती काही सगळ्यांत मोठी नव्हती.

दोन वर्षांपूर्वी ओल्या कपड्यांचा गाडा ओढताना माईच्या उजव्या खांद्यात चमक भरली. महिनाभर दुखलं, मग दुखणं सरलं. पण माईच्या मनानं तोवर निकाल लावून टाकला होता. तिच्या आईचा उजवा हात असाच पन्नाशीत गेला होता. आईनं तो शेवटची अकरा वर्षं मांडीवर ठेवून काढली, झोपलेलं मांजर ठेवावं तसा. “आमच्या घरात बायकांचा उजवा हात उसना असतो,” माई सांगायची, “पन्नाशीला परत द्यावा लागतो.” ऐकणारे हसत. तीही हसे. पण हात छातीच्या वर नेत नसे.

मग भोवतालच्या माणसांनी तिच्यासाठी सगळं थोडं थोडं खाली आणलं. सुनेनं फळीवरचे डबे ओट्यावर उतरवले. मुलानं आरसा काढून वीतभर खाली ठोकला. केस विंचरता येईनात म्हणून माईनं ते मानेपर्यंत कापले. आणि शिडीनं नवी घडी शोधून काढली. चादर आधी आडवी मोडली की लांबी निम्मी होते, मग हात वर न्यावेच लागत नाहीत. दोघी तिला खालची घडी म्हणत. गठ्ठा बाहेरून अगदी पहिल्यासारखा दिसे, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही.

पत्ता लागला तो वॉर्डांत जाणारा त्यांचा गठ्ठा एकदा शस्त्रक्रियेच्या खोलीत गेला तेव्हा. तिथं चादर एका झटक्यात उघडावी लागते. ही उलटी उघडली, नर्सच्या हातातून निसटली आणि जमिनीवर पसरली. दुसरी काढली, तीही तशीच. टेबलावर झोपवलेला माणूस तेवढा वेळ छताकडे बघत पडून राहिला. दुपारी मुकादम चाळीस चादरी परत घेऊन आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

“तुमच्या जोडीची एक चादर कधी परत आली नव्हती, माई,” तो म्हणाला.

मग त्यानं कागद वाचावा तसं सांगितलं. सहा आठवड्यांनी दोघींची शरीरतपासणी होईल. जिला उभ्यानं पूर्ण काम जमणार नाही, तिला तळघरात शिवणाच्या खोलीत बसावं लागेल, फाटक्या चादरींना ठिगळं लावत. पगार तोच. माईची निवृत्तीला चार वर्षं उरली होती. ठिगळांचं तिला काही नव्हतं. पण त्या खोलीत एकच खुर्ची होती आणि तिचं तोंड भिंतीकडे होतं. एकोणीस वर्षं माईनं चादरीच्या या टोकावरून त्या टोकाला बोलत दिवस काढले होते. मुलाचं लग्न, नवऱ्याचं जाणं, सुनेशी झालेली पहिली कुरबुर, सगळं तिनं घडी घालता घालता सांगितलं होतं. भिंतीला काय सांगणार?

माई इस्पितळातल्याच व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या तिच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी माईला पाठीवर झोपवलं, डोळे मिटायला लावले, आणि सुनेचं कसं चाललंय, जेवायला काय केलं होतं असं काहीबाही विचारत राहिल्या. मग म्हणाल्या, आता डोळे उघडा. माईनं पाहिलं तर एक हात तिच्या कानाजवळ उभा होता.

“हा कुणाचा?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

माईला हसू आलं नाही. तिनं हात चटकन खाली घेतला, दुसऱ्याची वस्तू चुकून उचलल्यासारखा. उभी राहिल्यावर तोच हात छातीशी येऊन अडला.

डॉक्टरीणबाईंनी न कंटाळता समजावून सांगितलं. आईचा हात डोक्यातल्या शिरेमुळे गेला होता. हिच्या खांद्यात साधी लचक होती, ती भरूनही आली. नंतर हिनं हात वापरला नाही म्हणून तो आता खरोखरच आखडत चालला होता. “नुसतं मनात आणून तो वर जाणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण तो गेला असं मनानं ठरवलंत म्हणून तुम्ही तो खाली ठेवलात, एवढं खरं.” रोज भिंतीवर बोटं चालवायची, आणि लागणारी वस्तू वरून आपली आपण काढायची. दुसऱ्यानं काढून द्यायची नाही.

घरी आल्यावर माईनं सुनेला डबे परत वर ठेवायला सांगितलं. सून म्हणाली, “आई, मी असताना तुम्ही कशाला?” माई म्हणाली, “तू असतेस म्हणूनच.” सुनेच्या ते मनाला लागलं आणि तिनं डबे जरा आपटूनच ठेवले. पहिले आठ दिवस माई साखरेशिवाय चहा प्यायली, कारण साखर वर होती. नवव्या दिवशी डबा बोटांना लागला आणि खाली पडला. सून केरसुणी घेऊन धावत आली, दारातच थबकली, आणि केरसुणी सासूच्या हातात देऊन आत निघून गेली.

धुलाईघरात मात्र जमेना. माईनं टोकं वर उचलली की हात हनुवटीशी अडे आणि तोंडातून सवयीनं निघे, खाली घे. एका दुपारी शिडीनं खाली घेतलं नाही.

“हात दुखतोय गं,” माई म्हणाली.

“दुखू दे.”

“तुला काय, तुझे हात आभाळाला लागतात.”

“आणि कंबर?” शिडी शांतपणे म्हणाली. “दोन वर्षं तुझ्या उंचीला वाकून उभी आहे मी. रात्री कूस बदलायची तर हातानं पाय उचलून ठेवावा लागतो.”

माई बघत राहिली. शिडी जेवणाच्या सुट्टीत भिंतीला पाठ लावून उभ्यानंच डबा खाते, हे तिनं रोज पाहिलं होतं. ती घाईत असते, असं तिला वाटायचं.

“मग बोलली का नाहीस?”

“तू म्हणालीस हात गेला. गेलेल्या हाताशी काय भांडायचं?” शिडीनं टोकं आणखी वर धरली. “चल, धर. चादर गार व्हायला लागली.”

तपासणीच्या दिवशी माईचा हात कानापर्यंत गेला. थोडा वाकडा, थोडा उशिरानं, पण गेला. डॉक्टरांनी कागदावर खूण केली. मग शिडीला पुढं वाकून सरळ व्हायला सांगितलं. ती वाकली आणि अर्ध्यावर तशीच राहिली. दोघांनी धरून तिला खुर्चीत बसवलं. ती म्हणाली, “आज जरा जास्तच झालं.” माईनं सांगायचा प्रयत्न केला की ही माझ्यामुळे वाकली. डॉक्टर म्हणाले, ‘कुणामुळे’ हा रकाना या कागदात नाही.

माईला नवी जोडीदारीण मिळाली. बाई चांगली होती, कामाला चपळ होती, बोलायची कमी.

शिवणाच्या खोलीत जायला सोळा पायऱ्या उतराव्या लागतात. पहिल्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत माई दोघींच्या डब्यांची पिशवी खांद्याला अडकवून तिथं गेली. शिडी भिंतीकडे तोंड करून बसली होती. पावलं ऐकून तिनं ठिगळ बाजूला ठेवलं. व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंनी तिलाही सांगितलं होतं, दिवसातून दहा वेळा आपलं आपण उठायचं, बसायचं, आधार घ्यायचा नाही. तिनं पाय जमिनीवर रोवले. एकदा उठायला गेली आणि परत बसली. माईचा उजवा हात पुढं निघाला. तिनं तो डाव्या हातानं धरला आणि मागं घेतला.

शिडीनं ते पाहिलं. तिनं मांडीवरचे धागे झटकले, श्वास घेतला, आणि पुन्हा पुढं झुकली. माई दाराशी दोन्ही डबे घेऊन उभी राहिली. आतलं जेवण निवत होतं.