शेवंताकाकीच्या पिशवीतला कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना, डब्यासारखा चौकोनी कॅमेरा आहे. तुम्ही मला हातात घेता आणि म्हणता, "याने केवढे फोटो काढले असतील!" तेव्हा मला लाज वाटते. का, ते सांगतो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. मुंबईत एका दुकानाच्या काचेआड मी दोन वर्षं बसून होतो. तिथून मला सत्यवानाने घेतलं. तो मालवणचा, गोदीच्या कचेरीत कारकून. तो मला फार जपायचा. मऊ फडक्याने माझं भिंग पुसायचा. फिल्मच्या एका रोळात आठच फोटो निघत, म्हणून प्रत्येक फोटो विचार करून काढायचा. कचेरीतले लोक म्हणत, "फोटो काढावा तर सत्यवानाने." ते ऐकून आम्ही दोघेही फुगलो होतो.

१९६१ च्या एप्रिलमध्ये आम्ही बोटीने मालवणला आलो. सत्यवानाचा धाकटा भाऊ बाबली हुतूतू खेळायचा आणि त्याचा संघ अंतिम सामन्यात पोचला होता. "भावाचा मैदानातला फोटो आणतो," असं सत्यवान कचेरीत सगळ्यांना सांगून आला होता.

मैदानाला नारळाच्या विणलेल्या झावळ्यांचं कुंपण होतं. आत फळ्यांच्या पायऱ्या रचल्या होत्या. गावातले लोक त्याला ऐटीत 'स्टेडियम' म्हणत. फोटोचं काम सामने भरवणाऱ्या मंडळाने एका फोटोवाल्याला दिलं होतं, म्हणून फाटकावर पाटी लावली होती : प्रेक्षकांनी कॅमेरा आत नेऊ नये. कॅमेरा असलाच तर टेबलावर ठेवायचा, चिठ्ठी घ्यायची आणि सामना संपल्यावर परत न्यायचा. इतकं सोपं होतं ते. सत्यवानाने ती पाटी आदल्या दिवशीच वाचली होती.

त्याची आई, गावाची शेवंताकाकी, सुकी मासळी विकायची. बाजार सोडून तिला कधी जाता येत नसे, त्यामुळे बाबलीचा खेळ तिने एकदाही पाहिला नव्हता. त्या दिवशी तिने धुवट लुगडं नेसलं आणि बाबलीसाठी गुळात घोळलेला खाजा पिशवीत घेतला. ती केसांना तेल लावत होती तेवढ्यात सत्यवानाने मला पंच्यात गुंडाळून खाज्याच्या पुड्याखाली सरकवलं. बायकांचं फाटक वेगळं होतं. तिथे पिशव्या कोण उघडतो, असं त्याला वाटलं. आणि खरं सांगू? मलाही आत जायची हौस होती.

फाटकातून जाताना पिशवी खांबाला लागली आणि मी ठक्क वाजलो. दारावरचे गुरुदास मास्तर वळले.

"काकी, पिशयेत काय गो?"

"खाजा आसा. माझो झील खेळता, तेका."

मास्तरांनी पंचा उलगडला. मागच्या बायका टाचा उंच करून बघू लागल्या.

"ह्यो कॅमेरो कोणाचो?"

शेवंताकाकीने मला कधी हातातही घेतलं नव्हतं. तिने मान वर केली. दहा पावलांवर, पुरुषांच्या रांगेत, सत्यवान उभा होता. त्याने तिच्याकडे बघितलं. मग तो खाली वाकला आणि बांधलेलीच बुटाची नाडी पुन्हा बांधू लागला.

"माझो," ती म्हणाली.

"तुझो? मगे फोटो कसो काढतत, ता दाखय बघूया."

तिने मला उलटं धरलं आणि माझं भिंग स्वतःच्या डोळ्याला लावलं. सगळी रांग खदखदून हसली. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी पंच्याची सावकाश घडी घातली, ती मोडून पुन्हा घातली. शेवटी म्हणाले, "काकी, कॅमेरो लपवन आणलंस, आता तुका आत सोडूक येवचा नाय."

सत्यवान आत गेला.

शेवंताकाकी कुंपणाबाहेर वाळूत बसली. आत आरोळी उठली की ती शेजारच्या शेंगा विकणाऱ्या बाईला विचारायची, "कोण बाद झालो गो?" ती बाई झावळ्यांच्या फटीतून बघून सांगायची. ऊन तापलं, तेव्हा काकीने मला पदराखाली घेतलं. माझ्यामुळे तिची गावात शोभा झाली होती, आणि ती मला ऊन लागू देत नव्हती. मला तेव्हा वितळून जावंसं वाटलं.

बाबलीचा संघ जिंकला. तो धावत बाहेर आला.

"आये, माका बघलंस?"

"आयकलंय रे झिला. सगळा आयकलंय."

सत्यवानाने तिच्या हातातून मला घेतलं आणि तो चालू लागला. रात्री तो जेवला नाही. सकाळी मला घेऊन तो मास्तरांच्या घरी गेला.

"मास्तरांनू, कॅमेरो माझो," तो म्हणाला.

"माका म्हायत होता," मास्तर म्हणाले. "तू पुढे येशीत म्हणान मी इतको येळ लावलंय. तू धा पावलांर उभो होतंस. आता माका सांगान काय? जा, तिका सांग."

काकी अंगणात बांगडे वाळत घालत होती. सत्यवान तिच्यापुढे उभा राहिला. "आये, तो कॅमेरो..."

तिने मान वर केली नाही. "बाबलीक सांगू नको," एवढंच म्हणाली. "तेचो तुझ्यार खूब जीव आसा."

सत्यवान तिथेच, ओल्या मासळीच्या टोपलीशेजारी मट्‌कन बसला. परतीच्या बोटीवर मला त्याने नेलं नाही. फडताळात ठेवलं, रोळ तसाच आत. खाऱ्या हवेने माझी कळ गंजली.

मित्रांनो, मला पुसा, कोरड्या जागी ठेवा, वाटलं तर माझ्यात पुन्हा रोळ भरा. मला खेळ बघायलाही न्या, पण उघड गळ्यात घालून न्या. दारावर अडवलं तर तिथल्या टेबलावर ठेवा. मी निमूट तुमची वाट बघेन. मात्र मी कोणाचा, असं कोणी विचारलं तर उत्तर द्यायची पाळी तुमच्या आईवर येऊ देऊ नका.