उत्कर्षाच्या नावाचं पान

या, असे जवळ येऊन बसा. भिंतीपाशी पंखा आहे खरा, पण माझा आवाज तिथवर पोचत नाही. बुवांच्या मागं टाळ धरून धरून घसा गेलेला माणूस मी. पखवाज अजून जुळतो आहे, कीर्तनाला अवकाश आहे. तेवढ्यात तुम्हाला एका मुलीची गोष्ट सांगतो. देवादिकांची नाही, पण देवळात बसून सांगण्यासारखी आहे. आणि तिच्यात मी शहाणा ठरत नाही, हे आधीच कबूल करतो.

मी धोंडिराम. इथंच सोलापुरात तीस वर्षं शाळेत खेळाचा मास्तर होतो. निवृत्त झालो तरी मैदानावरचा बास्केटबॉल सुटला नाही. रोज सकाळी मुली येतात, मी शिट्टी गळ्यात घालून उभा असतो. पाच वर्षांपूर्वी वळसंगहून पहिल्या एसटीनं एक पोरगी यायला लागली. उत्कर्षा. बारा वर्षांची, अंगानं काटकुळी, पण हातपाय लांब. आई सुंदरम्मा, वळसंगच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. घरात कानडी, बाहेर मराठी.

पहिल्या दिवशी तिच्या हातात चेंडू दिला तर तिनं तो शेजारच्या मुलीला देऊन टाकला. म्हटलं, "अगं, टाक की रिंगमध्ये!" तर म्हणते, "ती टाकू दे, सर. मी हुकल्यावर घेते." आणि घेतला की! हुकलेला चेंडू रिंगला लागून कुठं उडेल हे त्या पोरीला आवाजावरून कळायचं. ठण्ण वाजला तर लांब, थप्प वाजला तर जवळ. बाकीच्या मुली वर बघत राहायच्या, ही तिथं जाऊन उभी असायची. अर्ध्या तासात अकरा चेंडू तिनं असे उचललेले मी मोजले. त्या दिवशी घरी जाताना मी सायकलवर एकटाच हसत होतो.

पण हे मी कुठं लिहिलं नाही. माझी एक पद्धत आहे, म्हणजे होती. प्रत्येक खेळाडूच्या नावानं वहीत एक पान, आणि त्या पानावर फक्त उणिवा. गुण लिहायचे नाहीत. गुण मैदानावर दिसतातच, त्यांना कागद कशाला? उणीव लिहून ठेवली की रोज सकाळी तिच्यावर काम करता येतं. आणि तोंडावर वाखाणलं की पोर चढून बसतं, ही माझ्या मास्तरांची शिकवण. तीस वर्षांच्या वह्या आहेत घरी. कुणी त्या चाळल्या तर वाटेल, या माणसाला आयुष्यात एकही धड खेळाडू मिळाला नाही.

आता ईश्वरप्पाचं सांगतो. आमच्या भजनी मंडळात अठरा वर्षं आम्ही दोघं शेजारी टाळ घेऊन उभे. तोही तरुणपणी बास्केटबॉल खेळलेला, माझ्यापेक्षा चांगला. आमच्याकडं रीत अशी, की कीर्तन संपलं, बुक्का लागला, की सगळे एकमेकांच्या पाया पडतात. लहानमोठा बघायचा नाही. अठरा वर्षं त्यानं माझ्या पायावर डोकं ठेवलं, मी त्याच्या. अशा माणसाबद्दल मनात वाकडं येतं का हो?

गेल्या वर्षी कोल्हापूरकडच्या एका निवासी क्रीडा केंद्राची निवड सोलापुरात व्हायची होती. राहणं, जेवण, शाळा, खेळ, सगळं तिथंच. आपल्या जिल्ह्यातून एकच फॉरवर्ड घेणार होते, म्हणजे रिंगच्या जवळ खेळणारी पुढची खेळाडू. वयाची अट अशी, की उत्कर्षाला हीच एक संधी. पुढच्या वर्षी ती मोठी ठरणार. समिती तीन जणांची; दोघं बाहेरचे, आणि स्थानिक म्हणून ईश्वरप्पा. दुसरी दावेदार होती आरोही. गुणी पोरगी, लांबून नेम पक्का. ती ईश्वरप्पाच्या मेहुण्याची मुलगी. हे बाहेरच्या दोघांना माहीत नव्हतं. मला होतं.

केंद्रानं प्रत्येक मुलीच्या प्रशिक्षकाकडून लेखी मत मागवलं होतं: खेळ कसा आहे, पुढं कुठल्या जागी उपयोगी पडेल. छापील फॉर्म होता. मी तो इथंच, या ओट्यावर, भरायला बसलो होतो. कीर्तन नुकतंच संपलेलं, कपाळाला बुक्का. ईश्वरप्पा येऊन टेकला.

"फॉर्म भरतूयस व्हय? त्येला कोण विचारतंय! तुज्या वहीतलं पान दे की फाडून. तुजी वही मला ठावं हाय. समितीला असलंच लागतं, खरंखुरं."

"त्यात नुसत्या उणिवा आहेत रे."

"मग चांगलं तू मला सांग. मी हाय की तितं बोलायला."

आणि मी सांगितलं. चांगली पंधरा मिनिटं. आवाजावरून चेंडू ओळखते ते सांगितलं. म्हटलं, "ईश्वरप्पा, हिला बास्केट मारणारी म्हणून नेऊ नका. फसेल. हिला बोर्डाखाली उभी करा. दुसरीच्या वाटेतली बचाव करणारी अडवून धरायची, हुकलेला चेंडू परत आणायचा, हे काम हिच्यासारखं कुणी करत नाही. दोन वर्षांत डावा हात तयार झाला की मधे उभी राहून चेंडू वाटेल. आरोही स्वतः वीस गुण काढेल, नाही म्हणत नाही. ही बाकीच्या चौघींकडून चाळीस काढून घेईल."

त्याचे डोळे भरून आले, खरं सांगतो. म्हणाला, "असं बोलायला लागलास की बुवाच वाटतूस बग." मी पान फाडून दिलं, फॉर्म कोराच ठेवला. जाताना तो माझ्या पाया पडला, मी त्याच्या.

निवडीचा दिवस रविवार. सकाळचं मैदान. सुंदरम्मा पण आली होती, डब्यात शेंगाची पोळी घेऊन, समितीला द्यायची की नाही या विचारात. उत्कर्षा खेळली. कशी खेळली म्हणून सांगू! एकदा आरोहीचा चेंडू हुकला, उत्कर्षानं तो हवेतच धरला आणि पाय टेकायच्या आत परत आरोहीलाच दिला, आणि आरोहीनं टाकला. दोघी विरुद्ध संघात नव्हत्या त्या वेळी. आरोहीनं पळता पळता तिच्या पाठीवर थाप मारली. समितीच्या बाई जागच्या उठून उभ्या राहिल्या. मी मनातल्या मनात टाळ वाजवला.

मग लिंबाखाली खुर्च्या मांडल्या. मुली ओळीनं उभ्या, पालक मागं. बाई म्हणाल्या, "आमच्याकडं सगळं समोर वाचतात. मागून कुणी कुजबुजायला नको." मला बरं वाटलं. म्हटलं, माणसं सरळ आहेत.

आरोहीचा फॉर्म वाचला. तिच्या प्रशिक्षकानं छान लिहिलं होतं, भरभरून. मग ईश्वरप्पानं खिशातून माझं पान काढलं, चष्मा लावला आणि कीर्तनात म्हणतो तशा स्वच्छ आवाजात वाचलं.

"उत्कर्षा. डावा हात कच्चा, डावीकडून दहात तीन. लांबून नेम नाही. शेवटच्या डावात दमते, पाय जड होतात. बोर्डाखालच्या जागेला उंची दोन इंच कमी. चेंडू हातात आला की आधी सोबतिणींकडं बघते, रिंगकडं उशिरा. रागावलं की दोन दिवस गप्प."

पान घडी केलं. "हिच्या सोताच्या मास्तरांचं मत हाय," म्हणाला, "मी काय बोलू?"

मी वाट बघितली. आता पुढचं सांगेल. आता सांगेल. त्यानं चष्मा काढून डबीत ठेवला.

"ईश्वरप्पा," मी पुढं झालो, "अर्धंच झालं. मी तुला सांगितलेलं..."

बाईंनी विचारलं, "सर, अक्षर तुमचंच ना?"

"माझंच. पण..."

"यात लिहिलेलं खोटं आहे का?"

काय सांगणार? एक शब्द खोटा नव्हता. मी बोलायला लागलो, बोर्डाखालची जागा, आवाज, चौघींकडून चाळीस. पण सगळं घाईघाईत, भीक मागितल्यासारखं बाहेर पडलं. आवाजावरून चेंडू ओळखते म्हटल्यावर दुसरे सदस्य हसले. बाई म्हणाल्या, "सर, प्रत्येक प्रशिक्षक शेवटी असंच बोलतो. तुम्ही शांतपणे बसून जे लिहिलंत, ते आम्ही जास्त धरणार ना?"

मी उत्कर्षाकडं बघितलं. तिला वाटलं असतं ईश्वरप्पानं घात केला, तर मला चाललं असतं. ती ईश्वरप्पाकडं बघतच नव्हती. माझ्याकडं बघत होती.

आरोहीची निवड झाली. सुंदरम्मानं डबा उघडलाच नाही.

चार दिवसांनी एकादशीचं कीर्तन. मी आलो, येणार नाही म्हणत म्हणत आलो. टाळ हातात धरला, पण ठेका सापडेना. शेजारी ईश्वरप्पा नेहमीसारखा रंगून गात होता. त्याच्या आवाजात तसूभर फरक नाही, हे मला सगळ्यात लागलं. आरती झाली, बुक्का लागला, माणसं एकमेकांपुढं वाकू लागली. तो माझ्यापुढं वाकला. आणि मी पाय मागं घेतले. जन्मात पहिल्यांदा. त्याचा हात रिकाम्या फरशीवर टेकला.

तो उठला. हळू म्हणाला, "मेव्हण्याला शबुद दिलता मी. आन् तू लिवलेलंच वाचलं की. पदरचं एक अक्षर घातलं न्हाय."

"आणि मी बोललेलं?"

"ते माज्याशी बोललास. समितीशी न्हाय."

बघा म्हणजे. माझी वही त्याला ठाऊक होती. म्हणूनच तर पान मागितलं. डोळ्यांत पाणी आणून अर्धं ऐकून घेतलं आणि अर्धं गिळलं. शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण समोर गाभारा. तसाच चपला घालून बाहेर पडलो.

उत्कर्षा मैदानावर यायची थांबली. आठ दिवस, दहा दिवस. अकराव्या दिवशी मीच वळसंगची एसटी धरली. सुंदरम्मा दारातच होती. "बर्री मास्तर, बर्री," म्हणजे या, या, म्हणाली, पाणी दिलं, चूल पेटवली. पण नेहमीसारखं "आमच्या पोरीला मारा, पण शिकवा" असं काही म्हणाली नाही. उत्कर्षा आतून आली. जमिनीकडं बघत उभी.

मी सगळं सांगितलं. ईश्वरप्पा, मेहुणा, अर्धं वाचणं. ती ऐकत होती.

"सर, ते मला कळलं. आरोहीनंच फोन करून सांगितलं. रडत होती ती."

"मग येत का नाहीस?"

ती म्हणाली, "डावा हात कच्चा लिहिलं ते बरोबर आहे. रोज शंभर वेळा टाकते मी डाव्या हातानं. दमते तेही खरं. पण सर, चार वर्षांत माझ्या पानावर एक ओळ पण चांगली नाही? एक?"

"अगं, मी ईश्वरप्पाला सांगितलं ना सगळं. ऐक, काय सांगितलं होतं..." आणि मी परत सगळं सांगितलं. आवाज, बोर्डाखालची जागा, चाळीस गुण.

तिनं मान वर केली. डोळे कोरडे होते. "हे तुम्ही त्यांना सांगितलं. मला कधी सांगितलं?"

चुलीपाशी सुंदरम्मा थांबली. खरंच नव्हतं सांगितलं. चार वर्षं रोज सकाळी ती पोरगी येऊनजाऊन दोन तासांचा प्रवास करून माझ्याकडून स्वतःच्या उणिवा ऐकून जायची, आणि मला वाटायचं तिला कळत असेल. ईश्वरप्पानं तर नुसतं पान वाचलं. लिहिलं मी.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "मी अजून सरांना आवडण्यासारखी झाले नाही. आणखी दमून खेळलं की होईन."

मी म्हटलं, "उद्यापासून ये. नवी वही घालतो. पहिल्या पानावर..."

"नको, सर." आवाज मऊ होता, म्हणूनच जास्त लागला. "बार्शीला मावशी आहे. तिथल्या कॉलेजात संघ आहे. मी तिकडं जाणार. तुमच्याकडं आता खेळायला लागले तर सारखं तुमच्या तोंडाकडं बघत राहीन."

चहा झाला. ती एसटीपर्यंत सोडायला आली, पिशवी हातात घेऊन. गाडी आली तेव्हा वाकून पाया पडली. मला पाय मागं घ्यावेसे वाटले, त्या दिवसासारखे नाही, लाज वाटून. पण गाडीत माणसं चढत होती, मागून कुणीतरी ढकललं आणि मी आत गेलो.

तेव्हापासून वहीला हात लावलेला नाही. मुलींना तोंडानं सांगतो, चुकलेलं आणि साधलेलं दोन्ही. माझं मलाच अवघडल्यासारखं होतं, मुली हसतात.

पखवाज जुळला वाटतं. उठायला हवं. तो पलीकडं टाळ घेऊन उभा राहिलाय ना पांढऱ्या टोपीचा, तोच ईश्वरप्पा. आमच्यात आता एका माणसाची जागा मोकळी असते.

एवढंच मागतो, की आरतीला हात जोडाल तेव्हा उत्कर्षाची आठवण ठेवा. वळसंगची, आता बार्शीला असते. तिचा खेळ चालू राहू दे म्हणा. ईश्वरप्पासाठी काही मागितलंत तरी माझी हरकत नाही. माझ्याच्यानं ते अजून होत नाही.